डावखुरं पिस्तूल

नंदकुमार पाटणकरांना खात्यात सगळे समोरून साहेब म्हणत आणि मागून शंकासुर. कराडहून सब-इन्स्पेक्टर म्हणून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण संशय काही त्यांच्याबरोबर रिटायर झाला नव्हता. दूधवाल्यानं आपण होऊन जास्तीचं माप घातलं, तरी त्यांना रात्री झोप येत नसे. बायको गेल्यावर घरात संशय घ्यायलासुद्धा कुणी उरलं नाही. म्हणूनच मुलानं आग्रह करून आयर्लंडला बोलावलं, तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला आत्ताच बापाची आठवण का झाली?

मुलगा इंद्रनील शॅननला होता. विमानतळाला लागून मोठी इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथल्या एका कंपनीत हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात, तिथे तो इंजिनिअर. सून स्वरूपा पुण्याची, घरात बसूनच कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायची. दोघांचं घर छोटं, नीटनेटकं आणि इतकं शांत, की आबांना फ्रिज सुरू झालेलासुद्धा ऐकू यायचा. दोघं त्यांना आबाच म्हणत.

आबा येऊन आठवडा झाला असेल. सकाळच्या चहाला इंद्रनील म्हणाला, "आबा, मला एक पिस्तूल घ्यायचंय. टार्गेट प्रॅक्टिससाठी. स्वस्तातलं, पण बरं. शनिवारी चला ना बघायला, तुम्हाला त्यातलं कळतं."

आबांनी कप खाली ठेवला. दिवाळीत टिकल्या वाजवायच्या म्हटलं तरी कानात बोटं घालून आईच्या मागे लपणारं हे पोरगं.

"कशाला रं?"

"हॉबी हो. ऑफिसमधले सगळे काही ना काही करतात. कुणी गोल्फ, कुणी सर्फिंग. शूटिंगचा क्लब इथे जवळच आहे, क्राउड पण ग्रँड आहे."

"बरं," आबा म्हणाले. पाणी कुठंतरी मुरत होतं, पण कुठं, ते शनिवारी बघू, असा त्यांनी विचार केला.

क्लब म्हणजे गावाबाहेर, दगडी कुंपणांच्या आणि गाईंच्या मधोमध पत्र्याची एक लांबलचक शेड. क्लबचा सेक्रेटरी फर्गस, रिटायर झालेला पोस्टमन, लालबुंद चेहऱ्याचा आणि बोलघेवडा. त्यानं टेबलावर कापड अंथरून तीन पिस्तुलं मांडली आणि एकेकाची कुंडली सांगायला लागला. पहिलं हवेच्या दाबावर चालणारं. सगळ्यात स्वस्त, पण त्यालाही या देशात तोच परवाना, तीच तपासणी, म्हणजे हेलपाटे तितकेच. दुसरं जुनं पॉइंट टू-टू. दिसायला झकास, पण त्याची गोळ्या भरायची मॅगझिन आता बाजारात मिळत नाही. असलेली एक बिघडली, की पिस्तूल शोकेसमध्ये ठेवायचं. तिसरं जर्मन बनावटीचं, पॉइंट टू-टूच, पाच गोळ्यांचं, जवळजवळ नवं. हे फर्गसचं स्वतःचं, आणि किंमत नव्याच्या निम्मी.

निम्मी म्हटल्याबरोबर आबांनी चष्मा पुसला. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून त्यांनी ते उजेडात धरलं. नंबर कुठं घासलाय का, नळीला कुठं तडा आहे का, स्प्रिंग मेलीय का, सगळं झालं. चोरीचा माल असाच निम्म्यात जातो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. काहीच सापडलं नाही, तेव्हा ते जास्तच अस्वस्थ झाले.

"व्हाय यू आर सेलिंग?" त्यांनी ठाण्यातल्या आवाजात विचारलं. इंद्रनील लाजेनं पार आक्रसून गेला.

फर्गस हसला. म्हणाला, मूठ बघा ना. लाकडी मूठ डावखुऱ्या हातासाठी कोरलेली आहे. मी डावखुरा. आता दुसरं घेतलंय, आणि या भागात डावखुरा नेमबाज मिळेना, म्हणून वर्षभर पडून आहे. उजवी मूठ बसवून घेता येते, पण वेगळा खर्च.

यावरही आबांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे केलं आणि कागदाच्या कपट्यावर स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. फर्गसनं पेन डाव्या हातात घेतलं, वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि खाली एक हसरा चेहराही काढून दिला. माणूस सरळ होता. आबांना बरं वाटायला हवं होतं, पण संशयाला बसायला जागा लागते. तो फर्गसच्या अंगावरनं उठला आणि थेट मुलाच्या अंगावर जाऊन बसला.

कारण इंद्रनील लगेच म्हणाला होता, "आय'ल टेक इट."

भाताचा कुकर घ्यायला या मुलाला अख्खा उन्हाळा लागला होता. फोनवर आबांनी ते सगळं पुराण ऐकलं होतं, कुठल्या कुकरचं झाकण निघतं, कुठल्याला किती तारे आहेत. चपला घेताना दुकानदाराला रडकुंडीला आणणारं हे पोर. आणि इथं ना त्यानं पिस्तूल चालवून बघितलं, ना उजवी मूठ केवढ्याला पडते हे विचारलं, ना जास्तीची मॅगझिन किती मिळतात हे. आपल्याला न बसणाऱ्या मुठीचं पिस्तूल त्यानं दहा मिनिटांत पसंत केलं.

फर्गस भला माणूस, त्यानंच अडवलं. अरे, पहिलं वर्ष क्लबचीच पिस्तुलं वापर, म्हणाला, फुकटात आहेत. घ्यायचंच असेल तर इथल्या तिजोरीत ठेव. घरी ठेवायचं तर लोखंडी पेटी, ती भिंतीला बोल्ट करा, अलार्म लावा, पिस्तुलाइतकाच खर्च त्याचा.

"नो, आय'ड रादर हॅव इट ॲट होम," इंद्रनील म्हणाला.

आबांनी मनात नोंद केली. हा मुलगा स्वस्त पिस्तूल शोधत होता, आणि समोर फुकटचं होतं ते त्याला नको होतं.

मग फर्गसनं त्याला क्लबच्या पिस्तुलावर सराव करायला उभं केलं. इंद्रनील कागदावरच्या काळ्या वर्तुळाकडे नीट रोखून उभा राहिला, खांदे मात्र कानापर्यंत चढलेले. दोन गोळ्या झाल्या. तिसरीच्या आधी वाऱ्यानं मागचं दार धाडकन आपटलं आणि इंद्रनील गर्रकन वळला. वळला तो हातातल्या पिस्तुलासकट. नळी फर्गसच्या पोटावरून फिरून दारावर जाऊन थांबली. फर्गसनं शांतपणे, पण एका झटक्यात त्याचं मनगट धरून खाली दाबलं. "नळी कायम समोर, मित्रा. पुन्हा असं झालं तर मला तुला घरी पाठवावं लागेल." इंद्रनील सॉरी सॉरी म्हणत राहिला. नवशिक्यांचं होतं असं, म्हणून फर्गसनं विषय संपवला.

आबांचा संपला नाही. त्यांनी मुलाचा चेहरा बघितला होता. दचकलेला माणूस दाराकडे बघतो. हा दारातून आत कोण येणार ते बघत होता.

त्या दिवसापासून त्यांनी तपास सुरू केला. पोरगा गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायचा. पाच मिनिटांच्या अंतरावरच्या दुकानातही गाडीनं जायचा. संध्याकाळी पोरांचं टोळकं घरावरून जायचं, तेव्हा हातातलं काम टाकून खिडकीच्या कडेला उभा राहायचा. ऑगस्टमध्ये कपाळाला टाके पडले होते, तेव्हा व्हिडिओ कॉलवर म्हणाला होता, सायकलवरून पडलो. आबा गॅरेजमध्ये गेले. सायकलला कुठं ओरखडा नव्हता, आणि साखळीवर धूळ बसली होती.

मधल्या तीन आठवड्यांत इंद्रनीलनं ट्रेनिंग उरकलं, अर्ज टाकला आणि घरात पेटी बसवून घेतली. एका मंगळवारी तो कामावर गेल्यावर आबा स्वयंपाकघरात मटार सोलायला बसले. स्वरूपा कणीक मळत होती.

"पोरी, ऑगस्टमधी हा सायकलवरनं पडला न्हवता. व्हय ना?"

स्वरूपाचे हात थांबले. मग तिनं हात धुतले, खुर्ची ओढली आणि इतके महिने घशाशी आलेलं सगळं सांगून टाकलं. "आबा, त्याने शपथ घातली होती मला. नदीच्या बाजूला वॉकिंग ट्रेल आहे ना, तिथे. तो ऑफिसमधून चालत येत होता. तीन मुलं होती, सोळा-सतरा वर्षांची असतील. मागून आली. गो होम म्हणाली आणि मारायलाच लागली. चष्मा फुटला. लोक होते हो लांब, पण कुणाला कळलंच नाही."

"पोलिसात?"

"नाही गेला. सिटिझनशिपचा अर्ज टाकलाय, उगाच कुठल्या केसमध्ये नाव नको म्हणाला. आपण मार खाल्लाय, आपलं नाव कशाला खराब होईल? पण ऐकेल तर ना! तेव्हापासून चालत कुठ्ठेच जात नाही. क्लबला जायला लागला तेव्हा मला वाटलं, चला, निदान घराबाहेर तरी पडतोय." ती रडायला लागली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्या मुलाला कुणी रस्त्यात पाडून मारलं आणि आपण कराडला बसून सायकल जपून चालव म्हणून उपदेश करत होतो, या विचारानं त्यांचा संताप झाला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी मुलाला गॅरेजमध्ये गाठलं. सगळं कळलंय, एवढंच सांगितलं. इंद्रनील आधी बायकोवर चिडला, मग गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

"बाहेर न्यायचंच नाहीये, आबा. नेताच येत नाही. क्लब आणि घर, बस. फक्त घरात आहे एवढं माहीत असलं तरी पुरे मला."

"घरात हाय एवढ्यावर कुणाचं भागत न्हाई. आपल्या स्टँडमागचा वखारवाला, आठवतोय? दरोड्याच्या भीतीनं पिस्तूल घेतलं. वर्षभर उशाखाली. मेहुणा रात्रीच्या एस.टी.नं आला, कुणी फाटक उघडंना म्हणून भिंतीवरनं चढला. त्याला पाय गमवावा लागला. दरोडेखोर कधी आलाच न्हाई."

"मी वखारवाला नाही. मी इंजिनिअर आहे."

"वखारवालापन बी.कॉम. हुता."

इंद्रनीलनं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, "शुक्रवारी गार्डा येणार आहे घरी, पेटी बघायला. गार्डा म्हणजे इथले पोलीस. तुमच्याशी पण बोलतील. ऑगस्टचं एक अक्षर काढायचं नाही, आबा. इथे सेल्फ-डिफेन्स हे कारण चालत नाही. स्वतःच्या रक्षणासाठी हवंय असा नुसता वास आला, तरी अर्ज गेला. फक्त टार्गेट."

आबांना खरंच नवल वाटलं. ठाण्यात गोपनीय शाखेच्या टेबलावर असताना शस्त्रपरवान्यांचे किती अहवाल त्यांनी लिहिले होते. तिकडं नेमबाजीची हौस म्हणून अर्ज केला तर साहेब हसायचे. अर्जदाराच्या जिवास धोका आहे असं लिहिलं, की मगच कागद पुढं सरकायचा. म्हणून ज्याला त्याला धोका असायचा, अगदी सरपंचाच्या जावयालासुद्धा.

"उलटंच हाय की सगळं," ते म्हणाले.

शुक्रवारपर्यंत आबांना नीट जेवण गेलं नाही. मुलाला पिस्तूल घेऊ नको म्हणणं हा एक मार्ग होता, तो करून झाला होता. पोराचे पाय बापाच्या चपलेत मावेनासे झाले, की बापानं मुकाट राहावं अशी रीत. त्यांना रीत पाळायची होती. पण डोळे मिटले की ती नळी फर्गसच्या पोटावरून फिरायची, आणि फर्गसच्या जागी कधी स्वरूपा उभी असायची, कधी बॉल मागायला कुंपणावरून आलेलं शेजारचं पोर.

नोरीन नावाच्या गार्डा बाई दुपारी आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, बोलायला मोकळ्या. जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पेटी बसवली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी हलवून बघितली, बोल्ट बघितले, अलार्म वाजवून बघितला. क्लबचं पत्र होतं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट होतं, ओळख देणाऱ्या दोघांची नावं होती. सगळं चोख. मग स्वरूपानं चहा आणि चकल्या पुढे ठेवल्या. आबा पोलिसात होते हे कळल्यावर बाई खूश झाल्या आणि दोघांच्या खात्यातल्या गप्पा सुरू झाल्या. कमी माणसं, जास्त कागद, वरच्या साहेबांची तऱ्हा, देश बदलला तरी रड तीच. इंद्रनीलचे खांदे हळूहळू खाली आले. कितीतरी दिवसांनी तो सैल बसला होता.

निघता निघता बाईंनी सहज विचारलं, "मग? मुलगा नेमबाज होतोय, आवडलं की नाही तुम्हाला?"

आबांनी एकदा मुलाकडे बघितलं. मग दोन्ही हात जोडले.

"मॅडम, प्लीज गिव्ह. ही इज माय ओन्ली सन. हिज लाइफ इज इन डेंजर."

आबा थांबले नाहीत. गावाकडच्या भोळ्या म्हाताऱ्याचा चेहरा करून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऑगस्टचं सगळं सांगितलं. तीन पोरं, नदीकाठ, टाके. रात्री याला झोप लागत नाही, पिस्तूल घरात आलं की हा निर्धास्त होईल, तेव्हा मॅडम, लवकर द्या. चौतीस वर्षांत त्यांनी कित्येकांची सोंगं उघडी पाडली होती. स्वतः सोंग काढायची ही पहिली वेळ होती, आणि ते इतकं बेमालूम वठलं की त्यांना स्वतःचीच किळस आली.

नोरीननं अर्धी चकली बशीत ठेवली. "इंद्रनील, हे खरं आहे?"

इंद्रनीलनं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नसेल.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला हे सुपरिंटेंडंटना सांगावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि तुला माहीत आहे त्याचा अर्थ काय. सोमवारी स्टेशनला ये. परवान्यासाठी नाही. त्या मुलांविरुद्धची तक्रार घ्यायला मी स्वतः बसेन. जाताना त्यांनी आबांशी हात मिळवला आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत रोखून बघितलं. पोलीसच ती.

दार लागलं आणि इंद्रनील फुटला. "काय केलंत हे, आबा! सांगितलं होतं ना तुम्हाला! शब्द न् शब्द सांगितला होता!"

"आपल्याकडं असंच सांगत्यात रं..."

"आपल्याकडं, आपल्याकडं! कराडचे कराडलाच राहिलात! एवढी एक गोष्ट करत होतो मी माझ्यासाठी." तो थांबला. डोळे बारीक करून बापाकडे बघत राहिला. तो संशय कुणाच्या रक्तातनं आला होता, हे सांगायला नको. "मुद्दाम केलंत?"

"न्हाई," आबा म्हणाले. "चुकलो. म्हातारपण."

स्वरूपानं सासऱ्यांकडे बघितलं, चकल्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि आत गेली. इंद्रनील जिन्याच्या पायरीवर बसला होता. तो रडत होता, लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता. "मी काय करू आता, सांगा. तुम्ही महिन्याभरानं परत जाल. मी बाहेर कसा पडू?"

मुलाच्या हातचं आबांनी काढून घेतलं होतं आणि बदल्यात द्यायला काही आणलं नव्हतं.

रविवारी दुपारी त्यांनी बूट घातले, कानटोपी चढवली आणि दारात उभे राहिले. "चल. नदीपर्यंत चालत जाऊन येऊ." इंद्रनील नाही म्हणाला. आबा दारातून हलले नाहीत. गार वारा घरात यायला लागला तेव्हा स्वरूपानंच नवऱ्याचं जॅकेट आणून त्याच्या मांडीवर टाकलं.

पायवाट रुंद होती, एका बाजूला चिखलाचा किनारा आणि संथ पाणी. कुत्री फिरवणारे लोक हॅलो म्हणून जात होते. वळणावर इंद्रनीलची चाल मंदावली, तेव्हा आबांनी जागा ओळखली. आणि नेमकी तेव्हाच मागून पावलं आली, जोरात, तीन-चार जणांची, आणि हसण्याचा आवाज. इंद्रनीलनं आबांची बाही घट्ट पकडली. आबा वळले.

पोरंच होती. हुडी घातलेली, घामाघूम, पळायला निघालेली. एकानं जाताना हात वर केला, "हाउ आर यू, लॅड्स," आणि ती पुढे निघून गेली.

ती दिसेनाशी झाली तरी आबा तसेच उभे होते. त्यांचा उजवा हात कमरेवर होता, पट्ट्याच्या उजव्या अंगाला, जिथं नोकरीत असताना रिव्हॉल्व्हर असायचं. तिथं आता नुसता स्वेटर होता. हात तिथं कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. त्या घडीला हाताला काही लागलं असतं तर आपण काय केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी हात खिशात घातला, पण उशीर झाला होता. इंद्रनील त्या हाताकडेच बघत होता.

"आबा," तो म्हणाला, "परवा मुद्दाम केलंत ना?"

"व्हय," आबा म्हणाले.

इंद्रनीलनं बाही सोडली नाही. दोघं तसेच पुढे चालू लागले.